फोनमधला ठेवा आणि त्याची राखण

मोबाइल फोन आता गावात नवलाईचा राहिलेला नाही. लासूर स्टेशनच्या बाजारात कांदा नेणारा शेतकरी निघण्याआधी फोनवर भाव विचारतो. वाळूजच्या कारखान्यात कामाला गेलेला मुलगा फोनवर घरी खुशाली कळवतो. पोरीचा निकाल फोनवर येतो. बँकेत पैसे जमा झाल्याची खबर फोनवर येते. गंगापूर तालुक्यातल्या कोणत्याही वाडीवस्तीवर जा, घरोघरी फोन दिसतो.

पण फोन ही वस्तू नाजूक आहे. तो मोटारसायकलवरून पडतो. पाण्याच्या हौदात पडतो. बाजाराच्या गर्दीत खिशातून जातो. मग माणूस दोन गोष्टींसाठी हळहळतो. एक म्हणजे फोनची किंमत. दुसरी म्हणजे फोनच्या आत जे होते ते. किंमत पुन्हा कमावता येते. पण वारलेल्या वडिलांचा एकुलता एक फोटो फोनबरोबर गेला, तर तो पुन्हा कोठून आणायचा?

दुसरे भय याहून निराळे आहे. फोन हातातच असतो, धडधाकट असतो. पण त्यात एखादे लबाड ॲप शिरते आणि बँकेतले पैसे निघून जातात. घराची कडी लावलेली, आणि चोर आत!

या दोन्ही भयांवर उपाय आहे. त्याला फार शिक्षण लागत नाही. ज्याला हा पाठ वाचता येतो, त्याला हे सारे करता येईल. फोनमधला ठेवा दुसऱ्या जागी कसा ठेवावा, तो परत कसा आणावा, आणि नवे ॲप कसे पारखून घ्यावे, या तीन गोष्टी आम्ही येथे सांगणार आहोत.

१. फोनमध्ये काय काय असते?

आपल्याकडच्या बहुतेक फोनांच्या आत ‘अँड्रॉइड’ नावाची व्यवस्था असते. तिला फोनचा कारभारी म्हणा. पडदा, आवाज, कॅमेरा ही सारी कामे हा कारभारी चालवतो. गूगल नावाच्या अमेरिकी कंपनीने ही व्यवस्था वाढवली. अँड्रॉइड असलेला पहिला फोन २००८ साली बाजारात आला.

‘ॲप’ म्हणजे फोनमध्ये एकेक काम करणारा गडी. व्हॉट्सॲप हा निरोप पोचवणारा गडी. बँकेचे ॲप हा पैशाचा हिशेब दाखवणारा गडी. ‘ई-पीक पाहणी’ हेही असेच एक ॲप आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्र सरकारने ते राज्यभर सुरू केले. शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते.

आता फोनमधल्या वस्तूंचे दोन ढीग करू या.

पहिला ढीग. या वस्तू फोनमध्ये दिसतात, पण त्यांचा मूळ ठिकाणा दुसरीकडे असतो. बँकेतले पैसे फोनमध्ये नसतात, ते बँकेत असतात. सातबारा फोनमध्ये नसतो, तो सरकारच्या दप्तरात असतो. फोन गेला तरी सही असलेला सातबारा पुन्हा काढता येतो. ‘डिजिलॉकर’मध्ये ठेवलेले वाहन परवान्यासारखे कागदही पुन्हा दिसतात. सरकारने २०१५ साली सुरू केलेली ही कागदांची पेटी आहे.

दुसरा ढीग. या वस्तू फक्त फोनमध्येच असतात. आपण काढलेले फोटो, आजीच्या ओव्यांचे केलेले रेकॉर्डिंग, व्यापाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे नंबर, कांदापट्टीचा काढून ठेवलेला फोटो, व्हॉट्सॲपवरचे बोलणे. फोन बुडाला की हा ढीग बुडाला.

ई-पीक पाहणीतही हा भेद ध्यानात ठेवावा. शेतात रेंज नसली तरी नोंद भरता येते. पण रेंज मिळाल्यावर ती ‘अपलोड’ करावी लागते. अपलोड म्हणजे फोनमधून वर, सरकारच्या दप्तरात पाठवणे. जोवर अपलोड झाले नाही, तोवर ती नोंद दुसऱ्या ढिगात आहे, फक्त तुमच्या फोनमध्ये. म्हणून घरी येताच अपलोड करा, आणि ते झाले याची खात्री करूनच जुने ॲप काढा किंवा फोन बदला.

राखण करायची ती या दुसऱ्या ढिगाची.

२. खाते तुमचे, पण किल्ली कोणाकडे?

दुसऱ्या ढिगाची प्रत ठेवण्याची सोय फोनमध्येच असते. या प्रतीला ‘बॅकअप’ म्हणतात. शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. खाण्याचे धान्य वेगळे आणि बियाणे वेगळे, हा आपला जुना रिवाज. खाण्याची कणगी रिकामी झाली तरी बियाण्याची कणगी पुढचे साल तारते. बॅकअप ही फोनची बियाण्याची कणगी समजा.

ही कणगी गूगलच्या दूरच्या मोठमोठ्या संगणकांवर असते. ती उघडण्याची किल्ली म्हणजे तुमचे गूगल खाते, म्हणजे एक ई-मेल पत्ता आणि एक पासवर्ड.

येथेच पुष्कळांची गोम असते. नवा फोन घेताना दुकानदार म्हणतो, ‘‘द्या काका, मीच चालू करून देतो.’’ तो मनाने एक ई-मेल पत्ता करतो, मनाने पासवर्ड घालतो आणि फोन हातात देतो. फोन सुरू होतो, आपण खूश होतो. पण पत्ता कोणता आणि पासवर्ड कोणता, हे आपल्याला ठाऊक नसते. म्हणजे कणगी आपली, धान्य आपले, आणि किल्ली दुसऱ्याकडे!

फोन बिघडला की याचा फटका बसतो. प्रत असूनही ती उघडत नाही. इतकेच नव्हे, पडद्याचे कुलूप न उघडता फोन पुसून कोरा केला, तर तो आधीचे गूगल खाते विचारतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही तजवीज केलेली आहे. पण मालकालाच खाते ठाऊक नसेल, तर मालकही बाहेरच राहतो.

म्हणून आज पहिले काम हे करा. प्ले स्टोअर उघडा. रंगीत त्रिकोणाचे चित्र असते, ते प्ले स्टोअर. वरच्या उजव्या कोपऱ्यात एक गोल दिसेल. त्यावर बोट ठेवा. तुमचा ई-मेल पत्ता तेथे लिहिलेला असतो. तो वहीत उतरून घ्या.

मग सेटिंग्ज उघडा. दातेरी चाकाचे चित्र म्हणजे सेटिंग्ज. तेथे ‘गूगल’ शोधा. त्यात आपल्या खात्याची व्यवस्था पाहण्याची जागा असते. तिच्यात सुरक्षा या भागात पासवर्ड बदलता येतो. स्वतःचा नवा पासवर्ड घाला. त्याच ठिकाणी स्वतःचा मोबाइल नंबर आहे ना, तेही पाहा. पासवर्ड विसरला, तर या नंबरावरून खाते परत मिळवण्यास मदत होते. नंबर दुकानदाराचा किंवा बंद पडलेला असेल, तर लगेच बदला.

पासवर्ड फोनमध्येच लिहून ठेवू नका. घरातल्या पेटीत, जेथे जमिनीचे कागद असतात, तेथे वहीत लिहून ठेवा. बँकेचा आणि यूपीआयचा पिन मात्र कोठेही लिहू नका. तो डोक्यात ठेवा.

३. प्रत कशी ठेवावी?

किल्ली हातात आली. आता कणगी भरू या.

सेटिंग्ज उघडा. ‘गूगल’ उघडा. त्यात ‘बॅकअप’ असे लिहिलेले सापडेल. काही फोनांत ही जागा थोडी निराळी असते. अशा वेळी सेटिंग्जच्या वरच्या बाजूला शोधण्याची पट्टी असते. तीत ‘बॅकअप’ लिहा, म्हणजे फोनच जागा दाखवील. तेथले बटण चालू करा. मग ‘आता बॅकअप घ्या’ अशा अर्थाचे बटण दाबा.

यातून काय जाते? तुमच्या ॲपांची यादी आणि त्यांतली काही माहिती, आलेल्या-गेलेल्या कॉलची नोंद, एसएमएस आणि फोनची मांडणी.

फोटोंची सोय वेगळी आहे. त्यासाठी ‘गूगल फोटोज’ हे ॲप उघडा. वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर बोट ठेवा आणि बॅकअप चालू करा. पुष्कळांना वाटते, फोटो पडद्यावर दिसतो म्हणजे तो जपलेला आहे. तसे नाही. बॅकअप चालू केला, आणि तो पुरा झाला, तरच फोटो दुसऱ्या जागी पोचला.

नंबरांचेही पाहा. नवा नंबर जपताना फोन विचारतो, कोठे ठेवू? सिमवर, फोनमध्ये की गूगल खात्यात? गूगल खाते निवडा. सिम हरवले, फोन फुटला, तरी नंबर राहतात.

जागा किती मिळते? एका गूगल खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते. ई-मेल, फोटो आणि बाकीची प्रत मिळून ही जागा आहे. ती भरली की नवी प्रत जाणे थांबते. म्हणून रोज सकाळी येणारी शुभेच्छांची चित्रे आणि नको असलेले व्हिडिओ अधूनमधून पुसावे. कणगीत बियाणे भरावे, कोंडा भरू नये. पण एक सांभाळा. गूगल फोटोजमधूनच फोटो पुसला, तर तो फोनमधून जातो आणि वरच्या प्रतीतूनही जातो.

दुसरे एक ध्यानात ठेवा. फोन ५७ दिवस वापरलाच नाही, तर त्याची वर ठेवलेली प्रत पुसली जाऊ शकते. जुना फोन बिघडून कपाटात पडला असेल, तर नवा घेण्यास फार उशीर लावू नका.

‘‘आमच्याकडे नेट कमी, एवढे फोटो कसे जायचे?’’ असे कोणी विचारील. त्याला दोन वाटा आहेत. वायफाय असेल तेव्हाच फोटो जावेत, असे बॅकअपमध्ये ठरवता येते. मग ज्या नातेवाइकाकडे वायफाय आहे, तेथे गेल्यावर काम होते. दुसरी वाट म्हणजे मेमरी कार्ड किंवा फोनला लागणारा पेन ड्राइव्ह. महत्त्वाचे फोटो त्यावर उतरवा आणि तो पेटीत ठेवा. ज्याचे मोल जास्त, ते दोन्ही जागी असावे.

४. व्हॉट्सॲपची प्रत

व्हॉट्सॲपचे बोलणे वरच्या प्रतीत आपोआप येत नाही. त्याची तजवीज व्हॉट्सॲपच्या आतच करायची.

व्हॉट्सॲप उघडा. वर तीन टिंबे दिसतात, त्यांवर बोट ठेवा. सेटिंग्ज, मग चॅट, मग चॅट बॅकअप, अशी वाट आहे. तेथे आपले गूगल खाते निवडा. रोज, आठवड्याला की महिन्याला प्रत घ्यायची, ते ठरवा. व्हिडिओ वगळण्याचीही सोय तेथे आहे. व्हिडिओ वगळले की नेट आणि जागा दोन्ही वाचतात. ही प्रतसुद्धा त्या १५ जीबीतच बसते.

या प्रतीला जादा कुलूप लावण्याची सोयही आहे. ते कुलूप लावले तर त्याचा पासवर्ड नीट जपा. तो विसरला, तर ती प्रत व्हॉट्सॲप कंपनीलाही उघडता येत नाही.

५. बियाणे उगवते का, ते पाहा

पेरणीआधी जाणता शेतकरी काय करतो? १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. काही दिवसांनी गोणपाट उलगडून किती उगवले ते मोजतो. कणगी भरलेली आहे, एवढ्यावर तो विसंबत नाही. बॅकअपचीही अशीच परीक्षा घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. मुलाच्या किंवा पुतण्याच्या फोनवर, अथवा संगणकावर, आपले गूगल खाते उघडून पाहा. आपले फोटो दिसतात का? पाहुण्यांचे नंबर दिसतात का? दिसले, तर बियाणे जिवंत आहे. पाहून झाल्यावर त्या फोनमधून आपले खाते बाहेर काढायला विसरू नका. परक्याच्या फोनवर किंवा दुकानातल्या संगणकावर ही परीक्षा घेऊ नका. बॅकअपच्या पानावर शेवटची प्रत कोणत्या तारखेची आहे, तेही लिहिलेले असते. ती तारीख महिन्यातून एकदा वाचावी.

आता प्रत परत कशी आणायची, ते पाहू. याला ‘रिस्टोअर’ म्हणतात.

नवा फोन पहिल्यांदा सुरू केला की तो एकेक प्रश्न विचारत जातो. भाषा कोणती, वायफाय कोणते, आणि मग, जुन्या फोनमधले सामान आणायचे आहे का? येथे घाई करू नका. दुकानदार म्हणेल, ‘‘ते राहू द्या, पुढे चला.’’ त्याला थांबवा. ‘‘दादा, माझे जुने खाते घाला,’’ असे सांगा. वहीतला पत्ता घाला, पासवर्ड स्वतः घाला. मग जुन्या फोनचे नाव आणि प्रतीची तारीख दिसते. ती निवडा. ॲप एकेक करून खाली उतरू लागतात. नेट मंद असेल, तर याला तास-दोन तास लागतात. धीर धरा.

ही संधी पहिल्या सुरुवातीलाच साधावी. ती हुकली, तर पुष्कळ वेळा फोन पुन्हा पुसून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणखी एक अडचण असते. जुना फोन नव्या अँड्रॉइडचा आणि घेतलेला फोन त्याहून जुन्या अँड्रॉइडचा असेल, तर प्रत त्यात बसत नाही. वापरलेला फोन विकत घेताना हे विचारून घ्या.

व्हॉट्सॲपसाठी नंबर तोच हवा आणि गूगल खातेही तेच हवे. नंबर घातल्यावर व्हॉट्सॲप विचारते, जुने बोलणे परत आणू का? तेव्हा ‘रिस्टोअर’ दाबा. येथे नुसते पुढे गेलात, तर बोलणे दिसणार नाही.

बँकेचे आणि यूपीआयचे ॲप परत आले, तरी ते लगेच चालत नाही. त्यात नोंदणी नव्याने करावी लागते. त्यासाठी बँकेत नोंदवलेले सिम फोनमध्ये लागते. याचा त्रास मानू नका. दुसऱ्याने तुमच्या पैशाला हात लावू नये, म्हणून हा उंबरठा आहे.

६. नवे ॲप कोठून घ्यावे?

आता दाराची राखण.

आपण नवा गडी कामावर ठेवतो, तेव्हा काय पाहतो? तो कोठला, कोणाच्या ओळखीचा, आणि काम कोणते मागतो. ॲप घेताना हेच तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: आले कोठून? ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. तेथे ॲपांची तपासणी होते. निरोपातून आलेल्या दुव्यावर बोट ठेवून ॲप घेऊ नये. पीक पाहणीचे ॲप हवे असेल, तर प्ले स्टोअर आपण स्वतः उघडावे आणि नाव स्वतः लिहून शोधावे.

दुसरा प्रश्न: बनवले कोणी? प्ले स्टोअरमध्ये ॲपच्या नावाखाली ते बनवणाऱ्याचे नाव असते. बँकेचे ॲप असेल, तर तेथे बँकेचेच नाव हवे. सरकारी ॲप असेल, तर सरकारी खात्याचे नाव हवे. नाव आणि चित्र हुबेहूब करणारे बहुरूपी असतात. संशय आला, तर तलाठी भाऊसाहेबांना किंवा बँकेच्या शाखेत जाऊन विचारावे.

प्ले स्टोअरमधले सगळेच सोने असते, असेही नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचे उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळात गूगलने अशी २,२०० हून अधिक ॲपे आपल्या दुकानातून काढून टाकली. सरकारने ही माहिती संसदेत दिली होती. म्हणून तिसरा प्रश्न महत्त्वाचा.

तिसरा प्रश्न: मागते काय? ॲप आत आले की परवानगी मागते. कॅमेरा वापरू का? एसएमएस वाचू का? नंबरांची यादी पाहू का? जे काम असेल, तेवढीच परवानगी द्यावी. पीक पाहणीचे ॲप कॅमेरा आणि जागेचा ठिकाणा मागते, ते रास्त आहे. कारण पिकाचा फोटो शेतातूनच काढायचा असतो. पण बॅटरीचा दिवा लावणारे ॲप एसएमएस वाचू मागते, हे कशासाठी? गडी नांगर मागतो हे ठीक, तिजोरीची किल्ली कशाला मागतो? कर्ज देणाऱ्या ॲपने नंबरांची यादी आणि फोटो पाहू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा दंडक आहे. जे ॲप तसे मागेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

७. लग्नपत्रिकेच्या नावाखाली

ऑगस्ट २०२५ मधली हकिकत आहे. आपल्याच मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. ३० ऑगस्टला लग्न, जरूर यावे, असा मजकूर. खाली पत्रिका जोडलेली. त्यांनी पत्रिका उघडली. ती पत्रिका नव्हती, लबाड ॲप होते. त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

हा प्रकार एकाच गावचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्येच हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनी अशा पत्रिकांपासून सावध राहण्यास लोकांना सांगितले होते. पुढे हाच डाव नव्या नावांनी आला. कधी गाडीच्या दंडाची पावती, कधी पीएम किसानचा हप्ता, कधी वीजबिल. वेष निराळा, चोर तोच.

हा डाव चालतो कसा? पाहा. आलेल्या फाइलचे नाव काहीही असो, त्याच्या शेवटी ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. ‘एपीके’ म्हणजे ॲपचे गाठोडे. पत्रिका ही चित्र असते, व्हिडिओ असतो किंवा पीडीएफ असते. पत्रिका कधीही एपीके नसते. सरकारचा हप्ता एपीके उघडून मिळत नाही. ही तीन अक्षरे ओळखता आली, तर अर्धी लढाई जिंकली. साक्षर होण्याचा हा केवढा मोठा उपयोग आहे!

गाठोड्यावर बोट ठेवले की फोन स्वतः अडवतो. तो सांगतो, अनोळखी ठिकाणाहून ॲप घेण्यास मनाई आहे. तरी घ्यायचे, तर सेटिंग्जमध्ये जाऊन परवानगी द्या. हे शेवटचे दार आहे. चोराला ते बाहेरून उघडता येत नाही. ते आपणच आतून उघडतो. येथे ‘नाही’ म्हणा आणि मागे फिरा.

दार उघडले, तर काय होते? ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती मिळाली की बँकेकडून येणारा ओटीपी तुमच्याआधी चोराला कळतो. काही ॲपे तर पडदा पाहू लागतात आणि पडद्यावर बोटेही चालवतात. तुम्ही कोणालाच ओटीपी सांगत नाही, तरी पैसे जातात ते असे.

‘‘पण निरोप तर आमच्या भाच्याच्या नंबरावरून आला होता!’’ असेही होते. भाच्याचा फोन आधी फसलेला असतो. त्याच्या फोनमधून त्याच्या नकळत तीच फाइल सर्वांना जाते. म्हणून ओळखीच्या नंबरावरून एपीके आली, तर आधी त्याला फोन लावा. ‘‘का रे बाबा, हे तूच पाठवलंस का?’’ एवढे विचारायला एक मिनिट लागते.

८. फसगत झालीच, तर

घाबरून बसू नका. लाजून लपवू नका. येथे वेळेला पैशाची किंमत आहे.

आधी फोनचे नेट आणि वायफाय बंद करा. म्हणजे चोराचा दोर तुटतो. मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेला कळवा आणि खाते थांबवायला सांगा. त्याच वेळी १९३० या नंबरावर फोन करा. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी हा सरकारी नंबर आहे. तक्रार जितकी लवकर, तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त. पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. आलेला निरोप पुसू नका. तो पुरावा आहे.

मग ते लबाड ॲप काढून टाका. काही ॲपे निघत नाहीत, किंवा काढल्यासारखी वाटतात आणि आत राहतात. अशा वेळी फोन पुसून कोरा करणे हा खात्रीचा इलाज आहे.

येथे आपल्या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. ज्याने प्रत ठेवलेली नाही, तो फोन कोरा करायला कचरतो. ‘‘नको, सगळे फोटो जातील,’’ असे म्हणतो आणि चोराला घरात राहू देतो. ज्याची प्रत दुसऱ्या जागी आहे, तो बेधडक फोन कोरा करतो आणि आपला ठेवा परत आणतो. मात्र परत आणताना ओळखीची ॲपेच घ्यावी. गूगल खात्याचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदलावा.

९. फोन हरवला, तर

हे क्रमाने करा. दुसऱ्या फोनवरून सिम कंपनीला कळवा आणि सिम बंद करवा. बँकेला कळवा. पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. त्याच नंबराचे नवे सिम घ्या. मग सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर हरवलेला फोन बंद करता येतो. त्यासाठी फोनचा १५ आकडी आयएमईआय नंबर लागतो. हा नंबर फोनच्या खोक्यावर छापलेला असतो. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले, तरी तो दिसतो. आजच तो वहीत लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो कोठून पाहणार?

गूगल खाते ठाऊक असेल, तर हरवलेला फोन कोठे आहे ते दुसऱ्या फोनवरून शोधताही येते, आणि दुरूनच पुसताही येतो. पण तेथे तुम्ही स्वतः जाऊन चोराशी भांडू नका. पोलिसांना सांगा.

आता हे करून पाहा

१. प्ले स्टोअर उघडा. आपला ई-मेल पत्ता वाचा आणि वहीत लिहा.
२. बॅकअप चालू आहे का ते पाहा. शेवटच्या प्रतीची तारीख वाचा.
३. आयएमईआय नंबर आणि १९३० हा नंबर त्याच वहीत लिहा.
४. व्हॉट्सॲपवर आलेल्या पाच फाइलींची नावे शेवटपर्यंत वाचा. कोठे एपीके ही अक्षरे आहेत का?
५. जे कळले, ते घरातल्या एका माणसाला करून दाखवा. आजीचा फोन असेल, तर आजीला आधी. दुसऱ्याला दाखवले की आपलेही पक्के होते, आणि घरातला एकही फोन राखणीवाचून राहत नाही.